समाधानी माणसाची विहीर

टेप वर ओढली, खडू पाहिला आणि वैतागून म्हणालो, "अप्पा, बोटभरसुद्धा वाढलं नाही!"

विहिरीचे मालक बसलिंगअप्पा निंबाखाली मांडी घालून बसले होते. "येईल की साहेब. घाई तुम्हाला हाय, झऱ्याला कुठं हाय?"

लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. मी भूजल खात्यात ज्युनिअर जिऑलॉजिस्ट, तोही प्रोबेशनवर. आमचं ऑफिस भाड्याच्या घरात. टेबलं आली होती, कपाटं यायची होती, फायली अजून पोत्यात. आणि आल्या आल्या दुष्काळ बोकांडी बसलेला.

शिरूर अनंतपाळकडच्या त्या गावाला एक टँकर यायचा. कुणीतरी वर कळवलं की अप्पांच्या विहिरीत सकाळी पाणी दिसतं. ते पुरेसं ठरलं तर सरकार विहीर गावासाठी ताब्यात घेणार आणि टँकर बंद करणार. पुरेसं आहे की नाही, हे मी सांगायचं.

त्यासाठी रिकव्हरी टेस्ट असते. पंपानं विहीर उपसायची, पंप बंद करायचा आणि पाणी किती वाढतं ते दर दहा मिनिटांनी मोजायचं. टेपच्या टोकाला खडू चोळायचा, टेप खाली सोडायची, वर ओढायची. खडू किती ओला झाला ते वहीत लिहायचं. पुन्हा दहा मिनिटं बसायचं. दिवसभर हेच! उपसलेलं पाणी बायकांनी केव्हाच घागरी भरून नेलं होतं. मी मात्र घड्याळाकडं बघत चरफडत होतो.

समोर अप्पांची मोसंबीची बाग वाळून उभी होती. त्यांची बायको मागच्याच वर्षी गेलेली. दुपारी त्यांनी गळ्यातलं लिंग काढून डाव्या तळहातावर घेतलं, भस्म लावलं, पळीभर पाणी वाहिलं आणि एकटक बघत बसले. ही पूजा झाल्याशिवाय लिंगायत माणूस घास घेत नाही. पूजा आटोपल्यावर तेच पाणी ते प्यायले आणि अर्धी भाकरी माझ्यापुढं केली.

मला राहवेना. "अप्पा, बाग गेली, घरची लक्ष्मी गेली. तुम्हाला राग नाही येत?"

"येतो की. लई येतो. आला की त्याला बी हितंच बसवतो. बसून बसून कंटाळतो अन् जातो."

हे ऐकून मला आणखीच राग आला. कसलं डोंबलाचं समाधान! पण काय झालं कोण जाणे, तीन वाजेपर्यंत माझं घड्याळ बघणं सुटलं होतं. पाणी म्हणावं तसं वाढत नव्हतंच. मी नुसता मोजत होतो, आणि डोकं शांत होतं.

तेवढ्यात मोठे साहेब जीपमधून उतरले. वही चाळून म्हणाले, "सकाळी किती होतं?"

"कमरेइतकं. पण ते रात्रभर साचलेलं, सर. दिवसभरात चार बोटं वाढलंय."

"सकाळचं लिहा. नव्या जिल्ह्यात टँकरची यादी वाढवायची नाही, वरून निरोप आहे." मग अप्पांकडं वळून गोड आवाजात म्हणाले, "काय अप्पा, पाणी पुरतं ना?"

"माझं काय साहेब, पळीभर बी पुरतं."

"झालं! लिहा, 'विहीरमालक समाधानी, पाणी पुरेसं.' घ्या ह्यांची सही."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एका म्हाताऱ्याच्या साधेपणावर गावाचं पाणी तोडायला निघाला होता हा माणूस! आणि मी काय केलं? प्रोबेशन आठवलं आणि मुकाट्यानं पंचनामा लिहिला. आजही त्याची लाज वाटते.

अप्पांपुढं पेन धरलं. ते म्हणाले, "वाचून दाखवा."

मी वाचलं. त्यांनी पेन माझ्या वहीवर ठेवून दिलं.

"मी सोडलं ते माझं सोडलं, साहेब. बाग सोडली, राग सोडून राहिलो. गावाचं पाणी माझं कुठं हाय सोडायला?"

आवाज जरासुद्धा चढला नव्हता. साहेब हसले. "अहो अप्पा, तुम्ही विरक्त माणूस. कशाला ह्या भानगडीत पडता?"

"विरक्त हाय म्हणूनच सही करत न्हाई. मला आता कशाचं भ्याव दाखवता?"

मी साहेबांसमोरच तो कागद फाडला आणि दिवसभराची रीडिंग्ज नव्या कागदावर उतरवली. ती वाचून घेऊन अप्पांनी खाली सही केली. साहेब जीपचं दार आपटून निघून गेले.

टँकर चालू राहिला. मला 'कामात दिरंगाई'चा मेमो मिळाला आणि प्रोबेशन वाढलं.

त्यानंतर पुढं नोकरीभर मी कुठल्याही रिपोर्टात 'समाधानी' हा शब्द लिहिला नाही. पाणी किती, तेवढंच लिहिलं.