बंदचे सात दिवस

चौतिसाव्या वर्षी माझी पाळी कायमची थांबली. गाठी झाल्या म्हणून नागपूरला ऑपरेशन झालं आणि गर्भपिशवीबरोबर दोन्ही अंडाशयही काढावे लागले. वणीला परतून मुलींच्या शाळेत रुजू झाले तेव्हा टाके भरले होते, पण जिवाला स्वस्थता नव्हती. ऐन थंडीत फळ्यावर लिहिताना छातीतून वाफ उसळायची, मानेवरून घाम ओघळायचा आणि लगेच हुडहुडी भरायची. घरी तव्यावर भाकरी टाकून मी अंगणात जाऊन उभी राहायची. भाकरी करपायची. सासूबाई दुसरी थापायच्या.

त्याच दिवसांत शाळा तपासायला आलेल्या डिप्टीसाहेबांनी हेडबाईंसमोर मला विचारलं होतं, नोकरी झेपते ना? ते मनात रुतून बसलं.

शेवटी यवतमाळच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. शरीरात जे बनायचं थांबलं, ते थोडंसं बाहेरून देणारी गोळी त्यांनी लिहून दिली. रोज एक, एकवीस दिवस. मग सात दिवस बंद. दर तीन महिन्यांनी रक्तदाब आणि स्तन तपासायला यायचं. पोटरी सुजली, छातीत दुखलं, दम लागला, तर गोळी थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. मनानं गोळी वाढवायची नाही, हे त्यांनी दोनदा बजावलं.

गोळीनं गुण दिला. झोप लागू लागली. फक्त बंदचे सात दिवस जड जायचे. मी कॅलेंडरवर त्यांच्यावर फुल्या मारायची आणि ते जवळ आले की आधीच धास्तावायची.

वर्षभरानं पुन्हा शाळेच्या तपासणीची तारीख आली, ती नेमकी त्या सात दिवसांत. मी गोळी बंद केली नाही. उलट दोन घेतल्या. तपासणी छान झाली, डिप्टीसाहेबांनी माझ्या वर्गाचं कौतुक केलं. मग थांबायला जीव धजेना. दोनच्या दोन, रोज, एकही खाडा नाही. दवाखान्यातली तीन महिन्यांची तपासणी मी शाळेचं काम सांगून टाळली, कारण डॉक्टरीणबाईंनी विचारलं असतं तर खोटं बोलावं लागलं असतं. घरात सगळ्यांना वाटत होतं, ताकदीच्या गोळ्या आहेत.

एका रविवारी सकाळी डावी पोटरी दुखू लागली. दुपारपर्यंत ती उजवीपेक्षा चांगलीच जाड झाली, हात लावला तर गरम. उभं राहून अवघडली असेल, असं मी स्वतःला सांगत राहिले. सासूबाई तेल कोमट करून घेऊन आल्या.

"सरळ कर पाय. चोळून देतो, उतरन सूज."

पोटरी सुजली तर, हे शब्द तेव्हा आठवले आणि मी पाय आखडून घेतला.

"चोळू नका, आत्याबाई. मले यवतमाळले न्या."

"काहून? काय झालं तुले?"

मालक, म्हणजे माझे यजमान, कापसाच्या जिनिंगमध्ये वजनाचा काटा पाहायचे. त्यांना निरोप गेला आणि ते तिथल्या शेठजींची जीप मागून घेऊन आले. मागच्या बाकावर पाय लांब करून मी वाटभर श्वास मोजत होते. दम लागतोय की भीतीनं तसं वाटतंय, हेच कळत नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी पाय पाहिला, दोन्ही पोटऱ्या टेपनं मोजल्या. मग विचारलं, "गोळी कशी घेत होता?"

मालक शेजारी उभे होते. "दोन," मी म्हणाले. "चार महिने. बंद न ठेवता."

त्या रागावल्या नाहीत. शिरेत रक्ताची गुठळी आहे, म्हणाल्या. गोळीनंच झाली असं ठामपणे सांगता येत नाही, पण ही गोळी तुमच्यासाठी आता संपली. पाय चोळला नाही ते फार बरं केलंत, गुठळी सुटून फुप्फुसात गेली असती तर जिवावर बेतलं असतं. मी सरकारी दवाखान्यात तीन आठवडे पडून होते. रक्त पातळ ठेवण्याची इंजेक्शनं, पायाखाली उशी, उठायला बंदी. निजून राहणं मला त्या वाफांपेक्षा कठीण गेलं.

तिसऱ्या दिवशी मालक संत्री सोलता सोलता म्हणाले, "मले सांगतलं असतं तर मी काय म्हटलं असतं?"

मी विचार करून म्हटलं, "बंद कर म्हटलं असतं."

"म्हूनच नाही सांगतलं न?"

मी हो म्हणाले.

वाफा पुन्हा सुरू झाल्या आणि आणखी तीन उन्हाळे टिकल्या. मी हेडबाईंना सगळं सांगून टाकलं. त्यांनी माझं टेबल दाराजवळ हलवायला लावलं. वाफ आली की मुलींना पाढे म्हणायला सांगून मी व्हरांड्यात जायची आणि पदरानं वारा घेत उभी राहायची. डाव्या पायाला संध्याकाळी अजून सूज येते.