पाणी सोडलंय

माझं काम नदीतले मासे मोजायचं. जाळ्यात आलेला मासा ओळखायचा, त्याची लांबी घ्यायची आणि त्याला परत सोडून द्यायचं. मोशीला इंद्रायणीत गमबूट घालून उभा होतो, तेव्हा काठावर गोधड्या धुणाऱ्या आजी ओरडल्या, "आरं, पाणी सोडलंया! भाईर ये!"

मी घाईने काठाकडे वळलो. मी आधी मावळात धरणाखाली काम केलेलं. तिकडे पाणी सोडलं म्हणजे लोंढा येणार. गाळात रुतलेला बूट निघेना. शेवटी पाय तेवढा ओढून काढला आणि वरच्या अंगाला बघत राहिलो. पाणी बोटभरही चढलं नाही. उगाच घाबरवलं म्हणून मी आजींवर खेकसलो.

"धरणाचं न्हाई रं, कंपनीचं सोडलंया," त्या म्हणाल्या. ओल्या गोधड्या घेऊन त्या केव्हाच वर सरकल्या होत्या.

मग नाकात झोंबणारा वास आला. जाळ्यातले मासे तोंड वर काढून हवा गिळायला लागले. माझा उघडा पाय चुरचुरायला लागला. जाळं, बूट, सगळं तिथेच टाकून मी पळालो.

संध्याकाळी निगडीला घरी अंगाला साबण लावून पाण्याची वाट बघत बसलो होतो. जिन्यातून शेजारच्या वहिनींनी रोजच्यासारखी हाक दिली, "पाणी सोडलंय हो!"

नळ फुसफुसला. मी भिंतीला पाठ लावून, तोंड वर करून हवा गिळत राहिलो.