दिवसा सांगितलेली गोष्ट

दिवसा गोष्ट सांगितली की मामा वाट चुकतो, हे खानदेशात पोराटोरांनाही ठाऊक असतं. बहुतेक घरांत हे पोरांची भुणभुण टाळायला सांगतात, आणि मोठं झाल्यावर कुणी ते मनावर घेत नाही. पिंपळनेरच्या भिकुबाईनं मात्र ते जन्मभर मनावर घेतलं. कारण तिला भाऊ एकच होता, लोटन. त्याला तिनं कडेवर वागवून मोठा केला होता आणि पोटासाठी तो सुरतेला कापडाच्या कारखान्यात गेला होता. सुरत ते पिंपळनेर वाट लांबची, मधे घाट, मधे रान. तेव्हा भिकुबाईच्या घरात उजेड असेपर्यंत गोष्ट नाही म्हणजे नाही. मुलगा नवल लहानपणी हट्टाला पेटला तर ती कांदे निवडता निवडता म्हणायची, "दिवसना गोष्ट सांगू नही रे, मामा वाट चुकस."

दुसरा नियम हुंकाराचा. ऐकणाऱ्यानं "हूं" म्हणत राहायचं. हूं थांबला की गोष्ट थांबली, आणि गोष्ट चालू असताना सांगणाऱ्यानं मधेच उठायचं नाही. घरात माणसं दोनच. नवलचा बाप लवकर गेला, त्यामुळे माय सांगायची आणि नवल हुंकार द्यायचा. पुढं नवल शिकला आणि पारडं फिरलं, तो सांगू लागला आणि माय हुंकार देऊ लागली.

बीए झाल्यावर नवल धुळ्याला एका अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेच्या तयारीला बसला. अशी पोरं आपल्याकडं आता गावोगाव आहेत. सकाळी शटर उघडायच्या आधी पायरीवर बसतात, वडापाव खाऊन दिवस काढतात आणि गावाकडं फोन करून सांगतात, यंदा नक्की. नवल त्यांतलाच एक, फार हुशार नाही आणि मठ्ठही नाही. पूर्व परीक्षा निघायची, मुख्य परीक्षेत घोडं अडायचं. एकदा तर मुलाखतीपर्यंत जाऊन परत आला.

त्याच काळात जगाच्या इतिहासाच्या एका गाइडात त्याला चार ओळी सापडल्या. जुन्या चीनमध्ये बादशहाच्या दरबारी नोकरीसाठी परीक्षा असे. परीक्षार्थींना तीन-तीन दिवस एकेका कोठडीत बसवत, आणि काहीजण परीक्षा देता देता म्हातारे होत. नवल एकटाच हसला. चीन कुठं आणि साक्री तालुका कुठं, पण पळसाला पानं तीनच! शनिवारी घरी आल्यावर, दिवेलागण झाल्यावर, त्यानं मायला हे सांगितलं. भिकुबाई भाकरी थापत होती. तिनं एकच विचारलं, "मंग? पास व्हयना का तो?"

आता "तो" कुणी नव्हताच. पण मायनं विचारलं म्हटल्यावर नवलनं एक उभा केला. त्याचं नाव ठेवलं लिन. भिकुबाईनं पहिल्याच रात्री त्याला भाऊ लावला, आणि बादशहाच्या राजधानीतला तो फाटका विद्वान या घरापुरता लिनभाऊ झाला.

लिनभाऊ धर्मशाळेच्या तबेल्यात राहायचा. परीक्षेत नापास झालेला, घरी जायला तोंड नाही, म्हणून लोकांचे अर्ज लिहून पोट भरायचा. डोकं मात्र असं की हरवलेली म्हैस म्हणा, पळवलेली नथ म्हणा, चार प्रश्न विचारून चोर दाखवून द्यायचा. सुरुवातीच्या गोष्टी अशा लहानसहान होत्या. भिकुबाईला त्या फार आवडत. दुसऱ्या दिवशी कांद्याच्या खळ्यावर ती बायकांना त्या सांगायची आणि लिनभाऊ जणू आपल्या भावकीतला असल्यासारखी फुशारकी मारायची.

मग गोष्ट राजवाड्यात शिरली. बादशहाचा लहानगा युवराज झुरत चालला. अन्न चाखणारा माणूस ठणठणीत आणि पोरगं मात्र वाळत चाललेलं. आळ आला राजवैद्यावर. हा वैद्य म्हातारा, भला माणूस. त्यानं एकदा लिनभाऊला तबेल्यात येऊन फुकट औषध दिलं होतं. त्याचं डोकं उडवायचा दिवस ठरला. लिनभाऊ नकलनवीस म्हणून वाड्यात घुसला आणि शोधू लागला. पण विष जेवणात नाही, औषधात नाही, तर आहे कशात? इथं खरं तर नवलच अडकला होता. त्याचं त्यालाच ठाऊक नव्हतं. चार-पाच शनिवार तो मंत्र्यांची भांडणं सांगत वेळ मारून नेत होता.

एका शनिवारी भिकुबाई हुंकार द्यायची थांबली.

"त्यानं नाक देखं का कोन्ही? युवराजनं?"

"नाक कसाले, माय?"

"तो शिके ना? मंग चिमणीना दिवाजोगे बशीसन वाचत व्हई. लाइट नही राहे तव्हय तुनं नाक कसं काळंमिट्ट व्हई जाये, याद शे का? मी पदरघाई पुसू."

नवल मायकडं बघतच राहिला. विष दिव्याच्या तेलात! जेवण सगळे चाखतात, पण दिव्यापाशी नाक नेऊन बसतो तो एकटा शिकणारा पोरगा. लिनभाऊनं दिव्याची काजळी तपासली, तेल कुठून येतं ते काढलं, आणि माग थेट बादशहाच्या आईच्या महालात गेला. तिला धाकट्या लेकाला गादीवर बसवायचं होतं. "सख्खी आजी?" भिकुबाईनं विचारलं, आणि दोन दिवस ती नवलशी नीट बोलली नाही, जणू त्यानंच ते विष कालवलं होतं.

आता उरलं ते एवढंच. बादशहानं लिनभाऊला एकांतात बोलावलं आणि समोर साहेबाची टोपी ठेवली, काळी, दोन बाजूंना दोन पंख असलेली. म्हणाला, आईचं नाव घेऊ नको. वैद्याचं नाव घे, तो तसाही म्हातारा आहे. ही टोपी तुझी.

आणि तिथं गोष्ट थांबली ती थांबलीच. भिकुबाई विचारायची, "मंग? लागनी का त्याले नोकरी?" नवल म्हणायचा, पुढच्या खेपेला सांगतो. त्यानं मनाशी ठरवून ठेवलं होतं की आपण पास झालो की लिनभाऊला काहीतरी युक्ती सुचवायची, वैद्यही वाचवायचा आणि टोपीही द्यायची. त्याआधी नाही. कशाला हा खुळेपणा, असं कुणीही विचारेल. पण ज्याच्या हाती काहीच नसतं, तो असलीच गाठ मारून बसतो.

मामाचं भांडण याच सुमाराला झालं. लोटन दिवाळीला आला होता. जेवण झाल्यावर तो सरळ म्हणाला, "अक्का, पोऱ्या हुशार शे, पन साहेब व्हनार नही. वय निंघी चालनं त्यानं. सुरतले धाड मनासंगे." त्यात काही वाईट नव्हतं. खरं तर या घरात तेवढं एकच खरं बोललं गेलं होतं. पण भिकुबाई ताटकन उठली. शब्दाला शब्द वाढला, आणि तिनं सख्ख्या भावाला सुनावलं, "मना पोऱ्या साहेब व्हई तव्हयच मना दारमां पाय ठेव." लोटन पिशवी उचलून निघाला. त्यानंतर ना राखी, ना भाऊबीज. नवल ओट्यावर मान खाली घालून बसला होता. मामाला थांबवावं असं त्याला फार वाटलं, पण कोणत्या तोंडानं थांबवणार?

गंमत बघा, भावाचं दारात येणं बंद झालं तरी भिकुबाईनं दिवसा गोष्ट ऐकली नाही. एकदा भर दुपारी पाऊस अंधारून आला होता, काम बंद होतं, नवल सहज म्हणाला, सांगू का? तर ती एवढंच बोलली, "दिवस शे." नवल काय ते समजला आणि त्यानं पुन्हा कधी विचारलं नाही.

वयोमर्यादा संपली. चाळिशीत नवल पिंपळनेरला परत आला, आणि बाजारपेठेत एक टपरी घेऊन दुसऱ्या पोरांचे परीक्षेचे ऑनलाइन फॉर्म भरून देऊ लागला. लग्नाचं बघायला कुणी येईना. तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं, असं लोक म्हणत, आणि म्हणताना आवाज कमी करायचीही तसदी घेत नसत. मायला मात्र त्यानं कधी सांगितलं नाही की आता परीक्षा देताच येणार नाही. तीही विचारत नसे. ती फक्त लिनभाऊचं विचारायची.

मग तिचं दुखणं निघालं. पोटात गाठ होती, उशीर झाला होता. धुळ्याच्या डॉक्टरांनी नवलला बाजूला घेऊन सांगितलं, घरी न्या, खाऊपिऊ घाला. नवलनं सुरतेला फोन लावला. मामा म्हणाला, येतो. नवलनं मायला सांगितलं, आणि ती दिवसभर दाराकडं डोळे लावून पडून राहिली. लोटन आला नाही. अक्काचं ते वाक्य त्याच्या घशात अडकलं असेल. गाडीत बसून तो बारडोलीहून माघारी गेला, असं नंतर कळलं. ती संध्याकाळ नवलला जन्मभर पुरेल. म्हणून दुसऱ्यांदा मामा म्हणाला, "सकायना गाडीमां बठस, यानदा येसच," तेव्हा नवलनं मायला त्याचा पत्ताही लागू दिला नाही. आला की बघेलच की ती.

त्या दिवशी सकाळपासून भिकुबाईचा श्वास बदलला होता. शेजारची मंजुळाबाई येऊन पाय चोळून गेली आणि जाताना नवलकडं बघून तिनं नुसती मान हलवली. उन्हं डोक्यावर आली होती. पत्रा तापला होता. भिकुबाईनं डोळे उघडले.

"नवल. लिनभाऊनं सांग."

"सांजले सांगस, माय."

"सांज कोनी देखी? आते सांग."

"दिवस शे, माय."

ती हसल्यासारखी झाली. "मामा तं कव्हयनाच वाट चुकेल शे. आखो काय चुकी तो? सांग."

मामा त्या घटकेला वाटेवरच होता. त्यानं जगाचा इतिहास पाठ केला होता, असल्या गोष्टींवर त्याचा काडीचा विश्वास नव्हता, आणि तरी त्याची जीभ उचलेना. मामा येतोय असं सांगितलं असतं तर तिनं तोंड मिटून वाट बघितली असती, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. आणि तो पुन्हा आला नाही तर? ती ना भावाला भेटेल, ना गोष्टीचा शेवट ऐकेल. त्यानं मायचा हात हातात घेतला आणि सुरुवात केली.

बादशहा समोर. टोपी समोर. लिनभाऊ खाली मान घालून उभा.

"हूं," भिकुबाई म्हणाली.

फळीवर मोबाइल थरथरू लागला. नवलनं तिकडं बघितलं, पण तो उठला नाही. मोबाइल थांबला, पुन्हा थरथरला, पुन्हा थांबला.

लिनभाऊनं टोपीला हात लावला नाही. भरदरबारात त्यानं तेल कुठून आलं ते सांगितलं. म्हातारा वैद्य सुटला. युवराज वाचला. बादशहानं आईला काही केलं नाही, पण लिनभाऊचं नाव परीक्षेच्या पटावरून कायमचं खोडायला लावलं.

"मंग? नोकरी नही लागनी त्याले?"

टोपी देता आली असती. गोष्ट त्याचीच होती, अडवणारं कोण होतं? नवलच्या ओठावर ते आलंही होतं. पण मायच्या डोळ्यांत बघून त्याला खोटं बोलवेना. त्याला रडू फुटलं.

"नही माय. नही लागनी. आते कव्हयच नही लागाव. तो घर निंघना."

भिकुबाईनं त्याचा हात दाबला.

"बरं व्हयनं," ती म्हणाली. "त्यानी माय वाट देखी राहिनी व्हई."

इतक्या वर्षांत नवलनं लिनभाऊला आई दिलीच नव्हती. ते त्याच्या लक्षातही आलं नव्हतं. त्यानं डोळे पुसले आणि लिनभाऊला घराच्या वाटेला लावलं. राजधानीची वेस मागं पडली. नदी लागली. "हूं." नावाड्यानं पैसे घेतले नाहीत. "हूं." पुढं भाताची खाचरं, मग डोंगर, मग आपल्यासारखाच एक घाट. इथं हूं आला की नाही हे त्याला नीट कळलं नाही. हातातला हात सैल झाला होता. नवलनं वर बघितलं नाही. हूं थांबला की गोष्ट थांबवायची असते, आणि त्याला ती थांबवायची नव्हती. तो तसाच सांगत राहिला, घाट उतरला, गावची वेस दिसली, वेशीपाशी एक म्हातारी बसलेली दिसली.

"हूं."

आवाज दारातून आला होता, पुरुषाचा, दमलेला. दारात लोटन मामा उभा होता, धुळीनं माखलेला, हातात तीच पिशवी. त्याला गोष्ट ठाऊक नव्हती. लिन कोण, म्हातारी कोण, काही ठाऊक नव्हतं. पण बहिणीचा हूं थांबलाय एवढं त्याला दारातूनच दिसलं होतं. नवलनं राहिलेली गोष्ट सांगितली, लिनभाऊ वेशीपाशी पोचला, म्हातारीनं पदरानं त्याचं तोंड पुसलं, आणि प्रत्येक वाक्याला मामा दारातूनच हूं देत राहिला.

गोष्ट संपली. मामा आत आला आणि भिकुबाईच्या पायांपाशी खाली बसला.

"दहिवेलले आपला गावना फाटाच दखायना नही रे," तो म्हणाला. "बठ्ठा रस्ता नवा करी टाका. गाडी मोऱ्हे साक्रीले चालनी गई. तुले कितला फोन लाया." त्यानं अक्काच्या पायांवर डोकं ठेवलं. "मी वाट चुकनू, नवल."