डाव्या हाताची शाळा

घानाच्या किनाऱ्यावरल्या आन्लोगा गावच्या बाजारात आब्लावीला फसवणारी बाई अजून जन्माला यायची होती. कांद्यांची जुडी हातात आली की ती आधी झुलवून बघायची, मग कानाशी नेऊन हलकेच दाबायची, साल कशी वाजते ते ऐकायची, आणि शेवटी एक कांदा नखानं टोकरून हुंगायची. तोवर विकणारीचा जीव टांगणीला.

"घे ना बाई! लग्न लावायचंय का त्याच्याशी?"

"लग्नाच्या वेळी एवढं बघितलं नव्हतं," आब्लावी जुडी दुसऱ्या कानाशी नेत म्हणायची. "म्हणून तर नवरा कायम समुद्रावर."

नवरा खरंच अबिजानच्या किनाऱ्यावर, मासेमारीच्या होड्यांवर होता. सणासुदीला यायचा, सगळ्यांना मिठ्या मारायचा, घराची कौलं मोजायचा आणि परत जायचा. त्यामुळे समुद्र आणि खाडी यांच्यामधल्या त्या वाळूच्या चिंचोळ्या पट्टीवर कांद्याचे वाफे, म्हातारे सासरे आणि सात वर्षांची सेनाम, सगळं आब्लावीच्याच गळ्यात होतं. वाफे तिला समजायचे. सासरेही समजायचे. सेनामचं काय करायचं, ते मात्र समजत नव्हतं.

सेनाम डावखुरी होती.

वाफ्यात तिचा तो डावा हात असा चालायचा की बघत राहावं. मायलेकी गुडघ्यांवर बसून लावणी करायच्या. आब्लावीची एक ओळ होईपर्यंत सेनामच्या दोन झालेल्या असायच्या, आणि ओळी कशा, तर दोरी धरल्यासारख्या. वाळूत कुणी हात बघत नाही. पण वाफ्यातून उठलं की माणसं सुरू होतात, आणि माणसांत डाव्या हातानं काही द्यायचं नाही, घ्यायचं नाही, बोट दाखवायचं नाही. अगदीच नाइलाज झाला तर आधी म्हणायचं, "डावा हं." समोरच्यानं म्हणायचं, "हातच आहे तो." झालं, विषय मिटला. सगळा मुलूख यावर सुरळीत चाललेला.

सेनामचं मिटत नव्हतं, कारण तिला ते दिवसभर म्हणावं लागायचं. आजोबांना पाणी देताना, शेजारणीकडून मीठ घेताना, बोकडाला हाकलतानासुद्धा. "डावा हं, डावा हं." ऐकणारे पहिल्यांदा उत्तर द्यायचे, दुसऱ्यांदा मान हलवायचे, तिसऱ्यांदा त्यांना ऐकूच यायचं नाही. आब्लावीही त्यातलीच. हातातलं काम सोडून दर वेळी कोण उत्तर देणार?

मग ती गावच्या मोठ्या शाळेत गेली. तिथले गुरुजी लांबच्या प्रांतातले, त्यांना ही इथली रीत ठाऊक नव्हती. सेनाम डाव्या हातात खडू घ्यायची, "डावा हं" म्हणायची आणि उत्तराची वाट बघत उभी राहायची. गुरुजींना वाटायचं, पोरगी उलट बोलतेय. ते खडू काढून तिच्या उजव्या हातात द्यायचे. वर्गातल्या पोरांना तर खेळच मिळाला. ती आली की कोरस सुरू, "डावा-हं आली! डावा-हं आली!" सुट्टी लागेपर्यंत सेनामनं लिहिणं सोडलं होतं. सुट्टी संपल्यावर बोलणंही सोडलं.

"पोरगी मंद आहे," गुरुजी म्हणाले. "शेतात लावा. तिथं होईल काहीतरी."

आब्लावी घरी येऊन वाफ्याच्या कडेला बसून राहिली. समोर सेनाम पाणी घालत होती, तोंड शिवल्यासारखी गप्प.

खाडीच्या काठी एक छोटी खाजगी शाळा होती. क्पोडो मॅडमची. आब्लावीनं तिचं नाव काढताच नणंद आकू कमरेवर हात ठेवून हसली.

"ती? अगं ते कोंबड्यांचं खुराडं आहे! भिंती नाहीत, घंटा नाही, गवताचं छप्पर. मॅडम एक आणि वर्ग तीन."

"बघून तर येते."

"बघून येते म्हणे! तू बघायला लागलीस की पोरगी म्हातारी होईल. आणि तिथं तरी डावा हात चालेल कशावरून? हाकलतील. मग कुठं नेशील?"

हाच प्रश्न होता. तिसरी शाळा नव्हती. इथंही जमलं नाही तर सेनामच्या वाट्याला जन्मभर वाफे, आणि शिवलेलं तोंड. आब्लावीला रात्रभर काही सुचलं नाही, आणि सकाळी सुचलं ते भलतंच. तिनं जुन्या कापडाची पट्टी फाडली आणि सेनामचा डावा हात मनगटापर्यंत गुंडाळून टाकला.

"कुणी विचारलं तर भाजलाय म्हणायचं. समजलं?"

सेनामनं मान हलवली.

"उजव्या हातानं जेवढं जमेल तेवढं कर. आधी आत तर घेऊ देत. पुढचं पुढं."

निघताना आब्लावीनं उत्तमातली उत्तम कांद्याची जुडी टोपलीत ठेवली. आकू बघत होतीच. "नजराणा वाटतं!"

"शाळा पटली तर द्यायची. नाही पटली तर परत आणायची. कांदे काय, आमटीत जातील."

शाळेला खरोखरच भिंती नव्हत्या. नारळाच्या खोडांवर खाडीतल्या लव्हाळ्याचं छप्पर, तीन बाजूंना तीन काळे फळे टांगलेले, आणि मुलं तीन घोळक्यांत मधल्या मोकळ्या जागेकडे तोंड करून बसलेली. मधोमध मॅडम. ठेंगणी, रुंद, पायांत रबरी चपला.

"या," मॅडम म्हणाल्या. "हाताला काय झालं?"

"भाजला," आब्लावी म्हणाली. "मासे भाजताना."

मॅडमनी त्या पट्टीकडे पाहिलं, तिच्यावरच्या घट्ट, नीटनेटक्या गाठीकडे पाहिलं, मग आब्लावीच्या तोंडाकडे पाहिलं. "बरा होईल. बस गं बाळा, त्या निळ्या फ्रॉकशेजारी. आणि तुम्ही?"

"मी बघणार आहे."

"किती वेळ?"

"पटेपर्यंत."

"मग टोपली पालथी घाला आणि बसा. खुर्ची नाही आमच्याकडे."

आब्लावीनं कांदे बाजूला काढले, टोपली पालथी घातली आणि बसली. बाजारात बसते तशी, पाय पसरून, डोळे बारीक करून.

"मारता का हो?"

"नाही."

"पोरं पळून जातात?"

"जातात की. विहिरीपर्यंत. तिथं काही मजा नसते, मग येतात परत."

"तीन वर्ग एकदम कसे शिकवता? आवाज नाही का मिसळत?"

"बघायला आलात ना?" मॅडम म्हणाल्या आणि वळल्या. "बघा."

आणि आब्लावी बघू लागली, आणि हळूहळू तिचे बारीक केलेले डोळे मोठे होत गेले.

मॅडम एका घोळक्याला गोष्ट सांगत होत्या, आणि त्याच वेळी त्यांचे दोन्ही हात पाठीमागे होते. पाठीमागे बोटं नाचत होती. उजव्या हाताची तीन उभी राहिली, डाव्या हाताची चार, आणि मागचा घोळका पाट्यांवर भराभर बेरीज लिहीत होता. बोटं बदलली, की पाट्या पुसून पुन्हा नवी. तिसऱ्या घोळक्यात एक मोठी मुलगी छोट्यांना अक्षरं गिरवायला लावत होती, कुजबुजत. कुणीच ओरडत नव्हतं. गोंगाट वाढला की मॅडम आवाज चढवायच्या नाहीत, उतरवायच्या, आणि पोरं ऐकू यावं म्हणून पुढं झुकायची. वारा आला की झाडं वाकतात तसा सगळा वर्ग एकदम पुढं. गोष्टीतला मगर पाण्यात शिरला तेव्हा बेरीज करणारी पोरंही क्षणभर थांबली, मग पाठीमागचं एक बोट दटावल्यासारखं हललं आणि पाट्या पुन्हा सुरू.

"अगं बाई," आब्लावी स्वतःशीच पुटपुटली. तिनं भरतीच्या वेळी चाळीस माणसांना एक जाळं ओढताना पाहिलं होतं. हे तसं होतं, पण इथं दोर दिसत नव्हता.

सेनाम मात्र निळ्या फ्रॉकशेजारी दगडासारखी बसली होती. उजव्या हातात खडू, समोर पाटी, पाटीवर काही नाही.

तेवढ्यात अक्षरं गिरवणारा एक छोटा उठला. त्याच्या उजव्या हातात ओली पाटी होती, पुसायचं फडकं मागायला त्यानं डावा हात पुढं केला आणि सहज म्हणाला, "डावा हं!"

आणि अख्खी शाळा, तिन्ही घोळके, मोठी मुलगी, गोष्ट सांगता सांगता मॅडमसुद्धा, कुणीही मान वर न करता, कुणाचाही खडू न थांबता, एका सुरात म्हणाली,

"हातच आहे तो!"

मगर पुढं निघाला. बेरजा पुढं निघाल्या. जणू काहीच झालं नव्हतं.

ही रीत तिनं जन्मभर ऐकली होती, कंटाळा येईपर्यंत ऐकली होती. पण इतक्या जणांनी मिळून, इतक्या सहज, एका चिमुरड्याच्या चिमुकल्या हाताला दिलेलं उत्तर तिनं कधीच ऐकलं नव्हतं. मॅडम तिच्या बाजूनं गेल्या तेव्हा तिनं हळूच विचारलं, "हे कायमच असं करतात?"

"कुणी म्हटलं की करतात."

"प्रत्येक वेळी? दिवसातून शंभरदा म्हटलं तरी?"

"मग? अर्धं लटकत ठेवायचं का?" मॅडम म्हणाल्या. "आपली जुनीच रीत आहे. मी काही नवीन केलेलं नाही. लोक पहिला भाग पोरांना शिकवतात आणि दुसरा स्वतःच विसरतात, एवढंच."

आब्लावीची मान खाली गेली. मग तिनं सेनामकडे पाहिलं, आणि तिथंच नजर खिळली.

सेनामनं खडू खाली ठेवला होता. बांधलेला हात तोंडाशी नेऊन ती दातांनी गाठ सोडवत होती. गाठ आईनं मारलेली, पक्की. निळ्या फ्रॉकनं पाहिलं, पाटी बाजूला ठेवली आणि न बोलता नखांनी मदतीला लागली. पट्टी सुटली, वाळूत पडली. हात चांगला धडधाकट होता, भाजल्याचा डागही नाही. आब्लावीला वाटलं, संपलं. आता मॅडम विचारणार.

मॅडम पाठमोऱ्या होत्या. बोटं तेवढी नाचत होती.

सेनामनं डाव्या हातानं खडू उचलला. ओठ हलले, आवाज आला नाही. पुन्हा हलले. शेवटी, वाळूत खेकडा सरकावा एवढ्या आवाजात, ती म्हणाली,

"डावा हं."

"हातच आहे तो!" शाळा गरजली.

सेनाम दचकली. इकडंतिकडं पाहिलं. तिच्याकडे कुणीच बघत नव्हतं. मग तिनं मॅडमच्या बोटांकडे पाहिलं, आणि हात पाटीवर उतरला.

तो हात आब्लावीच्या ओळखीचा होता. वाफ्यातलाच होता तो. तोच वेग, तीच न अडखळणारी ओळ. पण आज तो वाळूत कांदे लावत नव्हता, काळ्या पाटीवर आकडे लावत होता, सरळ, अंतर राखून, एकामागून एक. तीन आणि चार, सात. पाच आणि चार, नऊ. मोठ्या शाळेनं मंद ठरवलेली पोरगी सगळ्यांच्या आधी पाटी वर धरत होती. आब्लावी टोपलीवरून कधी उठली आणि कधी आणखी जवळ गेली, तिचं तिलाच कळलं नाही. आपल्याच पोटच्या पोरीकडे ती पहिल्यांदाच समुद्र पाहणाऱ्या माणसासारखी पाहत होती.

तिनं वाळूतली पट्टी उचलली. पट्टीवर दातांच्या खुणा होत्या.

"हात बरा झाला वाटतं," मॅडम शेजारी येऊन म्हणाल्या.

"झाला," आब्लावी म्हणाली. "मॅडम, मासे वगैरे काही भाजले नव्हते."

"माहीत आहे. भाजलेल्या हातावर एवढी घट्ट गाठ कुठली आई मारेल?" मॅडम हसल्या. "मग? अजून बघायचंय? दाबून, वाजवून, हुंगून?"

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"बाजारात मीही कांदे विकलेत, बाई. तुम्ही माझ्याकडून घेतले नव्हते."

आब्लावीला हसू फुटलं आणि त्याच वेळी डोळेही भरले. ती वाकली. उजव्या हातात पट्टी घट्ट धरलेली होती, सोडवत नव्हती. म्हणून तिनं मोकळ्या हातानं कांद्यांची जुडी उचलली आणि मॅडमपुढं धरली, आणि मगच तिच्या लक्षात आलं की आपण कुठला हात पुढं केलाय. मोठ्या माणसासमोर असं तिनं आयुष्यात कधी केलं नव्हतं.

"डावा हं, मॅडम," ती घाईघाईनं म्हणाली.

मॅडमनी तोंड उघडायच्या आत मागून तिन्ही घोळक्यांतून उत्तर आलं. एका सुरात. फक्त एक आवाज किंचित मागं राहिला होता, सवय नसलेला, कित्येक महिने न वापरलेला, आणि म्हणूनच सगळ्यांपेक्षा मोठा.

"हातच आहे तो, आई!"