निखाडे सर आणि विझणारी ज्वाला

डॉ. मनोहर निखाडे सरांना मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा ते प्रयोगशाळेच्या दारात कान देऊन उभे होते. संशोधनासाठी प्रवेश घ्यायला मी कुहीहून सकाळच्या बसने आले होते. आत रॉकेलचा बर्नर चालू होता. "आवाज ऐक," ते म्हणाले, "डगमगून राहिली. आता जाईल." घरघर वाढली आणि ज्वाला खरेच विझली. माझे नाव त्यांनी त्यानंतर विचारले.

वाहत्या हवेत तेलाचे थेंब फवारले, तर ज्वाला कधी टिकते आणि कधी विझते, या प्रश्नाला सरांनी आयुष्य दिले. थेंब जितके बारीक तितकी ज्वाला स्थिर, हा त्यांचा निष्कर्ष विभागात सर्वांना पाठ होता. भट्ट्या बनवणाऱ्या एका कारखान्याने त्यावर सरांच्या सल्ल्याने नवा बर्नर बेतायलाही घेतला होता.

माझ्या प्रयोगात मात्र उलटे घडू लागले. हवेतली खळबळ वाढवली, की सर्वांत बारीक थेंबांची ज्वालाच आधी विझे. प्रबंध सादर करायला थोडेच महिने उरले होते. माझेच काही चुकत असणार, असे समजून मी ते आकडे वहीत खोडले आणि आलेखातून वगळले. सरांनी आलेख पाहिला आणि वही मागितली.

"काहून खोडले वं हे?"

"सर, तुमच्या निष्कर्षाशी जुळत नव्हते."

त्यांनी खोडलेले आकडे एकेक करून वाचले. मग म्हणाले, "ज्योतीले माझा निष्कर्ष माहीत नाही, सुनीता. चाल, पुन्हा करू."

पुढचे तीन आठवडे सर स्वतः बर्नरपाशी उभे होते. कार्यशाळेतले देवाजीभाऊ लेथवर वेगवेगळ्या भोकांची नोझल घडवून देत. बाजूने दिवा लावला की बर्नरभोवतीच्या काचेतून फवारा स्पष्ट दिसे. एकदा देवाजीभाऊ तो पाहत म्हणाले, "सर, थोडे मोठे थेंब मिसळून पाहा ना. बारीक तर सारे हवेसंगं पयून राहिले."

नेमके तेच होते. बारीक थेंब हवेच्या भोवऱ्यांबरोबर विखुरत आणि ज्वालेच्या मुळाशी इंधन विरळ होई. मोठे थेंब भोवरे ओलांडून तिथवर पोहोचत. दोन्ही मिसळले, आणि ज्वाला टिकली.

विभागाच्या बैठकीत सर सर्वांसमोर उभे राहिले. "माझा निष्कर्ष शांत हवेत खरा आहे, खळबळीत नाही. हे सुनीताने दाखवले." कारखान्याला कळवायची घाई करू नका, असे एका सहकाऱ्याने सुचवले, पण सरांनी त्याच दुपारी पत्र धाडले. कारखान्याने ते काम दुसरीकडे नेले. शोधनिबंधावर माझ्या नावानंतर देवाजीभाऊंचे नाव होते, आणि शेवटी सरांचे. देवाजीभाऊंनी तो छापील कागद कार्यशाळेत कितीतरी दिवस सर्वांना दाखवला.

माझ्यामुळे सरांचे काम गेले, हे मला सलत होते. मी त्यांच्या नंदनवन वस्तीतल्या घरी जाऊन माफी मागितली. ते जरा चिडलेच. "त्या भट्टीपाशी माणसं उभे राहतात. ज्योत गेली अन् तेल फवारत राहिलं, मग भडका उडाला, तर?" एवढे बोलून त्यांनी काकूंना हाक मारली, "अवं, सुनीताले जेवू घाल." त्या दिवशी मी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या, आणि प्रबंधाचे ते प्रकरण दुसऱ्या सकाळी नव्याने लिहायला बसले.

आज मीही शिकवते. विद्यार्थ्यांसमोर स्वतःची चूक कबूल करणे मला जड जाते. सरांनाही त्या बैठकीत ते जड गेले असेल, हे आता कळते. तेव्हा आम्हाला ते दिसले नव्हते.

सर यंदा पंचाहत्तर वर्षांचे झाले. गेल्या महिन्यात भेटले, तर करंजाच्या तेलाचे थेंब कसे जळतात यावर तासभर बोलत होते. प्रयोग नीट व्हायला पाच वर्षे लागतील, म्हणाले. ती पाच वर्षे, आणि त्यातून जे नवे प्रश्न निघतील त्यांच्यासाठी आणखी कितीतरी वर्षे, सरांना काकूंच्या सोबतीने, धडधाकट प्रकृतीत मिळोत, अशी आम्हा सर्व विद्यार्थ्यांची मनापासून इच्छा आहे.