बाद यादीतलं चौथं पुस्तक

कॉलेजच्या ग्रंथपालबाईंनी बावीस वर्षं पुस्तकांशी संसार केला, पण चारचौघांत कधी तोंड उघडलं नव्हतं. यंदा ग्रंथपाल संघाच्या अधिवेशनात त्या पहिल्यांदाच बोलायला उभ्या राहिल्या. कोणी वाचत नाही ती पुस्तकं बाद कशी करावीत, हा विषय. पडद्यावर त्यांची यादी उमटली आणि त्यांची नजर चौथ्या ओळीवर अडकली. बाद करताना त्यांनी तारखा पाहिल्या होत्या, लेखक नाही. चौथं पुस्तक संघाच्या अध्यक्षांचं होतं. ते पहिल्या रांगेत बसले होते, आणि बाईंच्या बढतीच्या समितीवरही तेच होते.

"बाई, मला रद्दीत घातलंत की!" अध्यक्ष हसले, पण डोळे हसले नाहीत. "शेवटी कधी नेलं होतं कोणी?"

"चौदा वर्षांपूर्वी, सर."

"कोणी?"

बाईंनी हातातल्या कागदावर नोंद शोधली आणि ती दोनदा वाचली. दुसरं नाव सांगितलं असतं तर कोण तपासणार होतं? पण नोंद खोटी वाचायला जीभ वळेना.

"तुम्हीच, सर. परत मात्र वेळेवर केलंत."

सभागृहात कोणी हसलं नाही. अध्यक्षांनी खिशातलं पेन काढलं आणि सावकाश वहीत काहीतरी लिहिलं.