न तुटणारी दोरी

हृदयाची झडप बदलल्यापासून बाबा रक्त पातळ ठेवायची गोळी घेतात. दाढी करताना जरा कापलं, तरी गालाला टॉवेल दाबून किती वेळ बसून राहावं लागतं. असा माणूस सिडनीला लेकीकडे आला आणि एक दिवस चहा पिता पिता म्हणाला, "मला एकदा मासे धरायला ने गं." मी लगेच हो म्हटलं. आई गेल्यापासून त्यांनी स्वतःहून काही मागितलंच नव्हतं. हो म्हटलं खरं, पण तेव्हापासून माझ्या जिवाला घोर लागला.

ऑफिसातल्या एका सहकाऱ्याची छोटी मोटरबोट आहे. इथलाच आहे तो, कशालाही 'नो वरीज' म्हणणारा. त्याला काय जातंय म्हणायला! म्हणाला, सध्या सॅमन आलेत, ट्रोलिंग करू. म्हणजे बोट हळू चालू ठेवायची आणि लांब दोरीला बांधलेला चमचमता खोटा मासा मागून ओढत न्यायचा. "लाइन तेवढी तू आण, माझी जुनी झालीय."

मी सॉफ्टवेअर टेस्टर. काय काय बिघडू शकतं हे शोधायचा मला पगार मिळतो, आणि घरी आले तरी ते डोकं बंद होत नाही. मासा लागलाय, दोरी तुटलीय आणि बाबा पुन्हा गप्प होऊन खिडकीशी बसलेत, एवढंच मला सारखं दिसत होतं. रोज वेंटवर्थव्हिलहून ट्रेनने जाता-येता मी ब्रेडेड लाइनचे, म्हणजे विणलेल्या दोरीचे, व्हिडिओ बघायचे. ती नायलॉनसारखी ताणली जात नाही, बारीक असून भयंकर मजबूत असते. दुकानदार म्हणाला, वीस पौंड वजन पेलणारी बास झाली. मी म्हटलं, पन्नासची द्या.

बाबांनी घरी ती बोटांत धरून बघितली. "ही? हा तर शिवणाचा दोरा!"

"बाबा, तुमच्या त्या नायलॉनच्या तंगुसापेक्षा कितीतरी दणकट आहे. वेणीसारखी विणलेली असते."

"वेणी होय? तुझ्या आईची संध्याकाळपर्यंत सुटायची," म्हणाले आणि चक्क हसले. मला वाटलं, जिंकलं!

रविवारी सकाळी निघालो. मी गॉझ घेतलं, बँडेज घेतलं, जवळचं हॉस्पिटल फोनवर शोधून ठेवलं. बोटीत चढल्या चढल्या बोटवाल्या मित्राची मासे कापायची सुरी बाबांपासून लांब ठेवली. गळांना हात लावायचा नाही अशी तंबी दिली. "अगं, अलिबागच्या खाडीत वाढलोय मी," बाबा वैतागून म्हणाले. माझं लक्ष सगळं त्या गळांवर आणि सुरीवर. दोरीची भीती मला एकदाही वाटली नाही. ती मी स्वतः पारखून आणली होती ना!

बोट हळू चालू लागली, दोरी मागे सोडली, पण हातातल्या रॉडवर बाबांचं मन लागेना. "या काठीतून काही कळतच नाही," ते पुटपुटले. त्यांनी रॉड कडेच्या खोबणीत अडकवला आणि पुढची दोरी तर्जनीला दोन वेढे देऊन धरली. लहानपणी खाडीवर तंगूस असाच धरायचे ते, मासा बोटाला कळावा म्हणून. मी पाठमोरी होते, थर्मासमधून चहा ओतत.

"आई गं!"

मी वळले. दोरी पाण्यात सरळ ताठ झालेली, बाबांचा हात बोटीच्या कडेवर खेचला गेलेला आणि ते वेढे बोटात रुतत चाललेले. नायलॉन असती तर ताणली गेली असती, तुटली तरी असती. ही कसली तुटते! माझी पाचावर धारण बसली. "बोट थांबव!" मी मराठीतच किंचाळले. मित्राला शब्द न कळूनही कळलं, त्याने इंजिन बंद केलं. मी बाबांच्या हातापुढची दोरी दोन्ही हातांनी पकडली आणि जीव खाऊन आत ओढली. वेढे सैल पडले. बाबांनी बोट सोडवलं. मी दोरी सोडली, पाण्यात एक मोठी उसळी दिसली, आणि मासा गळ झटकून गेला.

खाली रक्त पडलं होतं. मी बाबांचं बोट घट्ट धरलं, रडत, "दाबा, दाबून धरा!" ओरडत. बोट निळं पडलेलं, त्याला खोल वळ, पण कातडी शाबूत होती. रक्त माझ्या तळव्यातून येत होतं.

"अक्कल गहाण टाकलीस का? हात कशाला घातलास मध्ये?" बाबा ओरडले.

"मग काय बघत बसू?" मीही तितक्याच जोरात ओरडले. मित्राने बिचाऱ्याने इंजिन चालू करून बोट वळवली.

माझंच गॉझ त्यांनी माझ्या तळव्यावर दाबलं आणि धक्क्याकडे परतताना हात सोडला नाही. मध्येच कडा उचलून बघत होते. मग एकदा बराच वेळ बघत राहिले.

"थांबलं," ते म्हणाले. "तुझं लगेच थांबतं गं."